न पाडणारा घोडा

लाकडी घोडा विकत घेणे हे वरवर दिसते तितके सोपे काम नाही. खऱ्या घोड्याच्या खरेदीविषयी आपल्याकडे शास्त्र आहे. शालिहोत्राच्या नावावर चालणारे ग्रंथ आहेत, अंगावरचे भोवरे मोजून शुभाशुभ सांगणारे जाणकार आहेत, ओठ वर उचलून दातांवरून वय सांगणारे दलाल आहेत. लाकडी घोड्याच्या बाबतीत मात्र गिऱ्हाईक सर्वस्वी निराधार असते. दात पाहावेत तर ते रंगवलेले. भोवरे शोधावेत तर अंगावर केसच नाहीत. चालवून पाहावा तर तो जागचा हलत नाही, आणि हललाच तर पुन्हा होता तिथेच येतो. शिवाय विकणारा त्याच्याविषयी एकच प्रशस्तिपत्र देत असतो, "काका, हा पाडत नाही हं!"

गेल्या कार्तिकात हे वाक्य मी तीन दुकानांत ऐकले. तिन्ही वेळा माझा डावा हात गळ्यातल्या झोळीत होता, आणि तिन्ही वेळा माझी मान आपोआप खाली गेली. दुकानदारांचा त्यात काही दोष नव्हता. ते आपला माल विकत होते. त्यांच्यापुढे उभा असलेला गृहस्थ नुकताच एका घोड्यावरून पडला आहे, आणि पडण्यापेक्षाही लाजिरवाणी अशी एक गोष्ट त्याने त्यानंतर केली आहे, हे त्यांना कोठून ठाऊक असणार?

लोणावळ्याच्या बाजारातली चिक्कीची दुकाने मागे टाकून तुंगार्लीच्या बाजूला वळले, की थोड्याच वेळात चढ लागतो आणि गर्दीचा आवाज विरतो. वर धरणाचे पाणी आहे. त्याच्याही पलीकडे राजमाचीकडे जाणारी वाट डोंगराच्या कडेकडेने निघून जाते. पावसाळ्यात इथे चार-चार दिवस समोरचे झाड दिसत नाही, आणि पाऊस सरला की तेच झाड असे धुऊन पुसून उभे राहते, की ते काल नव्हतेच असे वाटावे. रात्री घाट चढून आलेल्या आगगाड्यांची शीळ ऐकू येते. नोकरीतून सुटल्यावर आम्ही उभयता इथे राहावयास आलो, त्याला आता काही वर्षे झाली.

या घाटाला घोडा नवा नाही. १८५८ साली पुण्याहून खंडाळ्यापर्यंत रेल्वे आली. खाली मुंबईची गाडी खोपोलीपर्यंत येऊन थांबत होती. आणि मधला बोरघाट १८६३ सालापर्यंत रुळांवाचून होता. तेवढा तुकडा उतारूंनी पालखीत, गाडीत नाही तर तट्टावर बसून ओलांडायचा. भीमथडीच्या तट्टांनी यमुनेचे पाणी प्यायल्याचा अभिमान आपण मराठी माणसे अजून बाळगतो. पण त्याच जातकुळीतल्या किती तट्टांनी हॅटवाल्या साहेबांच्या आणि पागोटेवाल्या शेटजींच्या ट्रंका घाटातून वाहिल्या असतील, याचा पोवाडा कोणी रचलेला नाही. पुढे आगगाडीने घोड्याचा हा धंदा बुडवला. आणि त्याच आगगाडीने हवा खाण्यासाठी आणून सोडलेल्या माणसांनी तो निराळ्या रूपाने पुन्हा उभा केला. आज पर्यटकाला पाठीवर घेऊन दोनशे पावले जाऊन दोनशे पावले परत येणे, हे इथल्या घोड्याचे प्राक्तन आहे.

आमच्या आळीच्या टोकाला असे चार घोडे बाळगणारे एक गृहस्थ राहतात. मी त्यांना दादा म्हणतो, ते मला काका म्हणतात. त्यांच्या चार घोड्यांपैकी तीन म्हातारे आणि स्थितप्रज्ञ. चौथा पाखऱ्या. तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीला एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तीत घोड्यांचा मोठा बाजार असतो. तिथून दादांनी त्याला दीड-दोन वर्षांचे शिंगरू असताना आणले. कुमैत रंग, कपाळावर चांदणी, आणि काठेवाडी रक्ताची साक्ष देणारे ते कान, वर जाताना आत वळून टोकाला टोक भिडवणारे. तो कान टवकारून उभा राहिला, की डोक्यावर कोणी छोटीशी कमान बांधली आहे असे वाटे. गेल्या दसऱ्याला त्याचे वय साडेतीन होते. मधले दोन दुधाचे दात पडून त्या जागी कायमचे आले होते आणि त्यांच्या शेजारचे हलू लागले होते. म्हणजे आपल्या हिशेबाने पहिली-दुसरीतला मुलगा.

घोडा शिकवणाऱ्याला आपण चाबुकस्वार म्हणतो. हा शब्द ज्याने केला त्याने या विद्येवर मोठा अन्याय केला आहे. दादांच्या हातात मी चाबूक क्वचितच पाहिला. पहिले काही महिने त्यांनी पाखऱ्याला नुसते हातात धरून गावभर हिंडवले. मग पाठीवर रिकामे पोते, मग तंग, मग खोगीर, मग खोगिरावर धान्याची अर्धी गोणी. आणि शेवटी स्वतःचे पोट आडवे टाकून ते क्षणभर त्याच्या पाठीवर लोंबकळत आणि लगेच उतरत. हे सगळे इतके सावकाश, की पाहणाऱ्याला कंटाळा यावा. एक दिवस ते मला म्हणाले, "काका, माझं वजन त्याला जास्ती व्हतंय. तुम्ही अंगानं हलकं, हात बी हलका. रोज सकाळी जरा बसत जा की."

तरुणपणी दोन वर्षे मी घोड्यावर बसावयास शिकलो होतो. ही गोष्ट मी दादांना पूर्वी एकदा नव्हे, अनेकदा सांगितली होती. 'हात बी हलका' या प्रशंसेने मी विरघळलो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे गोठ्याशी हजर झालो.

म्हाताऱ्या घोड्यावर बसणे आणि तरण्या घोड्यावर बसणे यांत जाडजूड छापील ग्रंथ वाचणे आणि लहान मुलाशी बोलणे यांइतके अंतर आहे. म्हाताऱ्याची उत्तरे ठरलेली असतात. तरणा पावलोपावली प्रश्न विचारतो. त्याचा एक कान पुढे वाटेकडे असतो, दुसरा मागे तुमच्याकडे वळलेला. 'हा दगड कालही इथेच होता का?' 'आता तुम्ही श्वास का धरलात?' 'उजवी टाच लागली ती मुद्दाम की चुकून?' आणि गंमत अशी, की तो शिकतो ते तुमच्या आज्ञेने नव्हे, आज्ञा थांबल्याने. टाचेचा दाब दिला. त्याने पाऊल उचलले. त्याच क्षणी दाब निघाला पाहिजे. लगाम किंचित आवळला, तो थबकला, त्याच क्षणी हात सैल झाला पाहिजे. ती सुटका हेच त्याचे बक्षीस. जो स्वार दाब देतो आणि काढावयास विसरतो, त्याचा घोडा लौकरच बहिरा होतो. जन्मभर वर्गात मुलांना दटावत आलेल्या मला, थांबण्याने शिकवता येते ही गोष्ट साठीनंतर एका शिंगराकडून शिकावी लागली.

एका सकाळी धरणाच्या बाजूच्या सपाटीवर धुके पाण्यावरून उठून आमच्या गुडघ्यांपर्यंत आले होते. पाखऱ्या चालीतून दुडकीत गेला, आणि एरवी दहा पावलांत तुटणारी ती दुडकी त्या दिवशी तुटलीच नाही. खालची जमीन दिसत नव्हती. चार खुरांचा एकसारखा ठेका तेवढा ऐकू येत होता. माझे हात काहीही करीत नव्हते. किती वेळ गेला सांगता येणार नाही, बहुधा दोन मिनिटेही नसतील. थांबल्यावर त्याने लांब मान करून फुरफुर केले आणि मी, कोणी पाहत नाही अशी खात्री करून घेऊन, त्याच्या आयाळीत तोंड लपवले.

अशा रीतीने महिनाभर मोठ्या आनंदात गेला, आणि दिवाळीला मुलगा, सून आणि पाच वर्षांचा नातू पुण्याहून आले. इथेच घोडे पेंड खाते.

भाऊबिजेच्या सकाळी नातू अंगणाच्या भिंतीवर बसला होता, सून त्याला धरून उभी होती, मुलगा फोन उगारून चित्रे टिपण्याच्या तयारीत होता. आता यापुढे स्वाराचे सारे लक्ष घोड्याकडे राहावे अशी अपेक्षा करणे म्हणजे मनुष्यस्वभावाचे अज्ञान. मी लगाम एका हातात घेतला, छाती पुढे काढली आणि दुसऱ्या हाताने नातवाला खूण केली, "बघ हं आजोबांची मांड!" शेजारच्या लाकूडफाट्याच्या ढिगावर पावसाळ्यातली निळी ताडपत्री तशीच पडून होती. वाऱ्याच्या एका झुळुकीने तिचे एक टोक उठले आणि फडाफडा आपटले.

पाखऱ्या बुजला. बुजणारच. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. ऐन कपाळापुढचा आणि ऐन शेपटामागचा पट्टा सोडला तर बहुतेक सारे जग त्याला एकाच वेळी दिसते. आणि ज्या जातीने हजारो वर्षे पळून जीव वाचवला, तिने फडफडणाऱ्या वस्तूला आधी भ्यावे आणि मग विचार करावा हेच योग्य. तो फक्त एक पाऊल बाजूला सरकला होता. हात सैल ठेवून क्षणभर थांबलो असतो तर तोही थांबला असता. पण मी दचकलो आणि तोल सावरण्यासाठी लगाम हिसकला, म्हणजे त्याला 'थांब' म्हटले. आणि पडू नये म्हणून दोन्ही टाचा त्याच्या बरगड्यांत रुतवल्या, म्हणजे 'चल' म्हटले. परस्परविरुद्ध दोन हुकूम एकदम मिळाल्यावर बिचाऱ्याने तिसराच मार्ग पत्करला. तो सरळ वर झाला. मी डाव्या मनगटावर उतरलो.

मनगटाच्या हाडाला बारीकशी चीर गेली होती. ती काही मोठी गोष्ट नव्हे. मोठी गोष्ट ती नंतरची. सारे धावत आले. सून घाबरून म्हणाली, "बाबा, कशाला त्या वांड जनावरावर बसता?" मुलगाही तेच म्हणाला. सौभाग्यवतींनी तर घोडेजातीचा एकूण इतिहासच काढला. आणि मी, धुळीत बसलेला, म्हणालो, "काय झाले कळत नाही. एकाएकी बिथरला."

त्या गडबडीत भिंतीवरून एक बारीक आवाज आला, "आजोबा, तुम्हीच त्याला ओढलंत." मोठी माणसे बोलत असताना मध्ये बोलू नये, असे सुनेने त्याला सांगितले. मी काही बोललो नाही.

संध्याकाळी दादा आले. आंबेहळदीचा लेप घेऊन आले होते. बराच वेळ ते पायरीवर बसून होते. जाताना म्हणाले, "काका, जनावराचं नाव पडलं. पाडनारा म्हनून नाव पडलं का गिऱ्हाईक बसत न्हाई. आईबाप पोराला बसवत न्हाईत. चौघं बघत व्हते, गावात झालंच आता. दत्तजयंतीला सारंगखेड्याला घिऊन जातो." मी विचारले, "तिथे कोण घेईल त्याला?" "घेल कोनीबी," ते म्हणाले. "वरातीवाला घेल. ब्यांडापुढं नाचवाया."

फटाके, दिवट्यांचा उजेड, कर्ण्याचा आवाज आणि अंगावर झुली टाकून मागच्या दोन पायांवर नाचायला लावलेला तो कमानदार कानांचा घोडा मला डोळ्यांपुढे दिसला. त्या वेळीही मी खरे बोललो नाही. साठीच्या माणसाला आपली मांड कच्ची होती हे कबूल करण्यापेक्षा दुसऱ्याचा घोडा वांड ठरणे सोपे वाटते; घोडा उलट जबाब देत नाही ही त्यातली सोय.

नातवाने त्या दिवसानंतर घोड्याचे नाव काढले नाही. तो भ्याला आहे, असा साऱ्यांनी निष्कर्ष काढला. मार्गशीर्षात त्याचा वाढदिवस होता, त्यासाठी मंडळी पुन्हा तुंगार्लीला येणार होती. मुलाने फोनवर सुचवले, "बाबा, त्याला एक लाकडी घोडा आणू. भीती मोडेल." एका हाताने दुसरे कोणते काम होत नव्हते. तेव्हा खरेदीची कामगिरी मजकडे आली.

लोणावळ्याच्या बाजारात पहिला घोडा पाहिला तो प्लास्टिकचा, जांभळ्या रंगाचा होता, आणि त्याला चाके होती. जांभळा घोडा कोणी पाहिला आहे असे मी दुकानदाराला विचारले. "मुलांना आवडतो, काका. आणि पाडत नाही." पुढच्या आठवड्यात पुण्यास तपासणीसाठी गेलो तेव्हा तुळशीबागेत शिरलो. भातुकलीच्या पितळी बंबापासून पोळपाट-लाटण्यापर्यंत सारा संसार चिमुकला करून मांडणाऱ्या त्या बागेत घोडा मिळणार नाही असे कसे होईल? मिळाला. त्याचा कान पिळला की तो खिंकाळे, आणि खिंकाळून झाले की एक इंग्रजी पाळणागीत म्हणे. खिंकाळण्याचा आवाज कुत्र्याचा होता. हाही पाडत नव्हता.

तोपर्यंत या विषयाचा मी पुष्कळ विचार केला होता आणि लाकडी घोड्याच्या परीक्षेचे एक छोटेसे शालिहोत्र स्वतःशी रचले होते. डुलत्या घोड्याचा प्राण त्याच्या खालच्या कमानींत असतो. कमानीचा बाक कमी असेल तर घोडा आळशी होतो, हलतच नाही. बाक जास्त असेल तर तो नाकावर येतो. दोन्ही टोकांशी कमान थोडी सपाट झालेली किंवा तिथे अडण बसवलेली असावी. पोराचे पाय बसल्या जागेवरून जमिनीला टेकावेत, निदान उतरताना चाचपडावे लागू नये. कान टोकदार नसावेत, खिळा कोठे वर आलेला नसावा, आणि रंग चाटला तरी चालेल असा असावा. कारण तो चाटला जाणारच. इंग्लंडात फार पूर्वीपासून हे घोडे होत. पांढऱ्या अंगावर करडे ठिपके, खऱ्या केसांची आयाळ, आणि ते कमानींवर डुलत. पुढे १८८० च्या सुमारास कमानी काढून घोडा स्थिर बैठकीवर लोखंडी दांड्यांनी टांगण्याची युक्ती निघाली, कारण कमानींखाली भावंडांची बोटे सापडत आणि घोडा डुलत-डुलत खोलीभर सरके.

त्या जुन्या लाकडी घोड्यांची एक मौज आहे. त्यांचे पुढचे दोन्ही पाय पुढे आणि मागचे दोन्ही पाय मागे ताणलेले असतात, जणू भरधाव सुटला आहे. चित्रकारही शतकानुशतके धावता घोडा असाच काढीत आले. मग १८७८ साली कॅलिफोर्नियात म्यूब्रिज नावाच्या गृहस्थाने ओळीने कॅमेरे मांडून दौडत्या घोड्याची छायाचित्रे घेतली, आणि असे दिसून आले की चौखूर धावणाऱ्या घोड्याचे चारही पाय जमिनीपासून सुटतात खरे, पण ते पसरलेले असताना नव्हे, पोटाखाली गोळा झालेले असताना. म्हणजे लाकडी घोडा ज्या ऐटीत उभा असतो, त्या ऐटीत दौडणारा घोडा कधीच नसतो. तरीही सुतार त्याचे पाय पसरूनच करतात. पसरलेल्या पायांनाच कमानी नीट जोडता येतात. आणि विकत घेणाऱ्या आजोबांनाही, आपण घोड्यावर कसे दिसतो याविषयी, हीच ऐट मनातून पटलेली असते.

तिसरे दुकान पुण्यातच एका बोळात होते. सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी फळे, भाज्या आणि बुडकुली दारात मांडली होती, आणि त्यांच्यामागे, मागच्या अंधारात, आंब्याच्या लाकडाचा एक घोडा उभा होता. तांबूस रंग; पाठीवर हिरव्या खोगिराचे चित्र. रंगवणाऱ्याने डावा डोळा उजव्यापेक्षा किंचित वर काढला होता, त्यामुळे तो माझ्याकडे जरा संशयाने पाहत असल्यासारखा भास होई. हा मला आवडला. मी एका हाताने त्याचे शेपूट दाबून पाहिले. तो मागे गेला, पुढे आला, पुन्हा मागे; टोकाशी अडणावर हलकेच अडला.

"पाडत नाही," दुकानदार म्हणाला.

"लगाम ओढला तरी?" माझ्या तोंडून निघून गेले.

दुकानदार हसला. "ओढा की! कसाही ओढा. त्याला काय कळतंय?"

हा मनुष्य सज्जन होता, त्याने मला योग्य किंमत सांगितली, घोडा जुन्या वर्तमानपत्रात नीट बांधून दिला आणि एका हाताने न्यायचा म्हणून रिक्षापर्यंत पोर पाठवले. पण लोणावळ्याच्या गाडीत समोरच्या बाकावर तो कागदात गुंडाळलेला घोडा ठेवून बसलो असताना त्याचे ते बोलणे माझ्या कानांतून जाईना. कसाही ओढा. मी नातवासाठी नेमका असा घोडा नेत होतो, की ज्याच्यावर बसून ओढणाऱ्याला आपण ओढले हे कधी कळूच नये. आणि ज्या घोड्याने मला ते कळवले होते, तो दत्तजयंतीला जाणार होता. कामशेत गेले, मळवली गेले. तिकडे लोहगड-विसापूर अंधारात बुडाले होते.

त्याच रात्री गोठ्याशी गेलो. दादा तोबरे बांधीत होते. मी म्हणालो, "दादा, पाखऱ्याची चूक नव्हती. मी ओढला. ओढला आणि टाचही मारली."

त्यांनी तोबऱ्याची गाठ पुरी मारली. "मला ठावं हाय," ते म्हणाले. "त्याच्या जबड्याला लगामाचा वळ व्हता, काका. दुसऱ्या दिशी पाह्यला मी."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"तुमी वडीलधारं मानूस. तुमी बोलल्याबिगर मी कसं बोलू?"

यावर काय उत्तर द्यावे? मी पाखऱ्याकडे पाहिले. तो तोबऱ्यात तोंड खुपसून चघळत होता. एक कान माझ्याकडे होता. मी ताडपत्रीबद्दल विचारले. दत्तजयंतीला अजून तीन आठवडे होते. दादा म्हणाले, "नाव जायाचं म्हंजे चौघांनी पाह्यलं तसं चौघांनी पुन्यांदा बघाया पायजे. बसाल का तुमी?"

प्लास्टर उतरेपर्यंत बसणे शक्य नव्हते, पण ताडपत्रीशी ओळख करून देण्यास एक हात पुरतो. ती आम्ही ढिगावरून काढून मोकळ्या जागेत जमिनीवर पसरली, चार कोपऱ्यांवर दगड ठेवले. पहिल्या दिवशी पाखऱ्या वीस हातांवर उभा राहिला आणि पुढे येईना. दादांनी ओढला नाही. तिथेच त्याला चारा टाकला. दुसऱ्या दिवशी पंधरा हात. मधूनच तो गर्रकन वळून मागे जाई, जाऊ देत. परत येई तो स्वतःच्या कुतूहलाने. चौथ्या दिवशी त्याने मान लांब करून निळ्या कडेला नाक लावले, जोराने फुरफुरला, आणि स्वतःच्याच फुरफुरण्याने ताडपत्री हलली तेव्हा दचकून चार पावले मागे गेला. आम्ही दोघे पोट धरून हसलो. मग कोपऱ्याचा एक दगड काढला, वाऱ्याने टोक उडू लागले, पुन्हा पहिल्यापासून. आणि एका बाजूने पुरी ओळख झाल्यावर दुसऱ्या बाजूने सगळे नव्याने करावे लागले, कारण डाव्या डोळ्याने मान्य केलेली वस्तू उजव्या डोळ्यापुढे आली की घोडा तिला नव्याने बुजतो. दादा त्याला फिरवून आणीत आणि सांगत, "हां, आता ह्या डोळ्यानं बघ."

वाढदिवसासाठी मंडळी दोन दिवस आधीच आली होती. नातू सकाळी उठून भिंतीवर जाऊन बसे. भीतीचे कोणतेही चिन्ह मला त्याच्यात दिसले नाही. तो काही विचारीत नसे, नुसता पाहत असे.

प्लास्टर उतरून आठ दिवस झाले होते. डॉक्टरांनी घोड्यावर बसण्यास परवानगी दिली होती असे म्हणता येणार नाही. त्यांनी काय काय करू नये त्याची जी यादी सांगितली तीत घोडा नव्हता. मीही आठवण करून दिली नाही. वाढदिवसाच्या सकाळी जेवणापूर्वी, मुलगा, सून, सौभाग्यवती आणि आळीतली इतर चार माणसे बाहेर असताना मी त्यांना म्हणालो, "एक सांगायचे आहे. भाऊबिजेला घोडा बिथरला नव्हता. मी त्याचा लगाम हिसकला, म्हणून पडलो. खोटे बोललो." मुलाने माझ्याकडे पाहिले. तो काही तरी बोलणार होता, पण भिंतीवरून आवाज आला, "मी सांगितलं होतं." या वेळी त्याला कोणी गप्प केले नाही.

मग मी पाखऱ्यावर बसलो. मांड ठोकली, ऐट आणली, असे काही केले नाही. गुडघे कापत होते. लगाम दोन्ही हातांत, सैल. ताडपत्री पुन्हा लाकडाच्या ढिगावर टाकली होती. पाखऱ्या चालू लागला. ती जवळ येताच त्याचे दोन्ही कान पुढे गेले आणि पाठ माझ्याखाली धनुष्यासारखी ताठ झाली. टोक फडफडले. तो थांबला. माझ्या हातांनी लगाम आवळावयास सुरुवात केली होती. मी त्यांना खाली, त्याच्या आयाळीवर टेकवले. किती तरी वेळ आम्ही दोघे तसेच उभे होतो. मग त्याचा एक कान वळला, मागे, माझ्याकडे. मी श्वास सोडला. त्याने मान खाली घातली आणि तो ताडपत्रीच्या शेजारून, घाई न करता, चालत गेला. पलीकडच्या टोकाला वळलो आणि उजवा डोळा तिच्याकडे करून परत आलो.

यात पाहण्यासारखे काहीच नव्हते. मुलाने फोन काढलाच नव्हता. दादांनी लगाम धरला आणि कोणाकडे न पाहता म्हणाले, "उतरा आता, म्हातारं मानूस." त्या वर्षी सारंगखेड्याला ते गेले नाहीत.

दुपारी जेवणे झाल्यावर लाकडी घोड्याचे कागद सोडले. सून म्हणाली, "बस ना, हा पाडत नाही." नातू बसला नाही. त्याने घोडा ओढत खिडकीपाशी नेला, आत जाऊन आजीची निळी चादर आणली आणि ती घोड्याच्या डाव्या अंगाला जमिनीवर पसरली. तळहात त्याच्या रंगवलेल्या नाकापुढे धरून तो थोडा वेळ थांबला. मग चादर उचलून, घोड्याला वळसा घालून, त्याने ती दुसऱ्या बाजूला अंथरली आणि त्या किंचित खाली काढलेल्या उजव्या डोळ्याशी वाकून म्हणाला, "हां, आता ह्या डोळ्यानं बघ."